दारात बर्फ, कोणीतरी घसरलं, आता माझं काय? न्यू जर्सीतल्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रश्न ठरलेले, एक म्हणजे चांगला शोव्हल कुठला घ्यायचा आणि दुसरा, आपल्या दारासमोर कोणी पडलं तर आपल्यावर केस होते का. पहिल्याला पन्नास उत्तरं येतात. दुसऱ्यालाही पन्नास येतात पण त्यातली चाळीस ऐकीव. मी वकील नाही, एडिसनमध्ये घर असलेली साधी बाई आहे, पण दोन वर्षांपूर्वी आमच्याच दारात एक प्रकरण झालं, मग झक मारत कोर्टाचे निकाल, पॉलिसीचे बारीक अक्षरातले कागद, सगळं वाचून काढलं. तेच इथे लिहितेय. न्यू जर्सीचं सविस्तर, बाकी ठिकाणांचं थोडक्यात.

घरासमोरच्या साइडवॉकवर, म्हणजे फुटपाथवर, कोणी घसरलं तर पैसे मला भरावे लागतात का?

तुम्ही स्वतः राहता ते घर, साइडवॉक सार्वजनिक आणि बर्फ आभाळातून पडलेला, असं असेल तर न्यू जर्सीत बहुतेक वेळा नाही. ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, माझाही बसला नव्हता. पण इथला जुना नियमच असा आहे की सार्वजनिक साइडवॉकवर आपोआप साठलेल्या बर्फासाठी शेजारचा घरमालक जखमी माणसाला नुकसानभरपाई देणं लागत नाही. १९८१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने यात मोठा बदल केला पण तो दुकानं, ऑफिसं अशा कमर्शियल मालकांसाठी, की तुमच्या समोरचा साइडवॉक धड ठेवणं तुमची जबाबदारी. १९८३ मध्ये त्यात बर्फही आला. राहत्या घरांना कोर्टाने मुद्दाम बाहेर ठेवलं आणि २०११ मध्ये होबोकनच्या एका काँडोच्या (मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतीच्या) केसमध्ये परत तेच सांगितलं. म्हणजे कोपऱ्यावरचा किराणावाला अडकतो, त्याच्या बाजूचं तुमचं घर नाही.

मग टाउनशिप दंडाची नोटीस कशाला पाठवते?

कारण दंड वेगळा आणि भरपाई वेगळी. इथेच सगळ्यांचा घोळ होतो. राज्याचा कायदा गावांना मुभा देतो की बर्फ पडल्यावर दिवसाउजेडाचे १२ तास उलटायच्या आत साइडवॉक साफ करायला लावा, आणि खूप गावांनी तो नियम जवळजवळ तसाच उचललाय. दिवसाउजेडाचे हं, घड्याळाचे नाही. जानेवारीत आपल्याकडे उजेडच जेमतेम दहा तास असतो, त्यामुळे पहाटे थांबलेल्या बर्फाची मुदत खरं तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जाते. काही गावांत मुदत याहून कमी आहे, आपापल्या टाउनशिपच्या साइटवर बघून घ्या. नियम मोडला तर दंड तुम्ही गावाला भरायचा. पण तुम्ही नियम मोडला एवढ्यावरून पडलेल्या माणसाला तुमच्याकडून भरपाई मागता येत नाही, हे इथल्या कोर्टांनी खूप वेळा सांगितलंय.

याचा अर्थ साफ करू नका असा काढू नका प्लीज. समोरून शाळेची मुलं जातात, स्ट्रोलरवाले जातात, आणि आमच्या गल्लीत एक ऐंशीच्या आजी रोज वॉकला निघतात, कितीही सांगा ऐकत नाहीत.

"हात लावलास की अडकलीस, त्यापेक्षा बर्फ तसाच राहू दे" हे खरं का?

हा सल्ला मला किमान सहा जणांनी दिला, त्यातले दोघे पीएचडी. न्यू जर्सीत हे चुकीचं आहे. तुम्ही साफ केलं, कडेचा ढीग थोडा वितळला, रात्री तेच पाणी गोठलं, तर ते ऊन-थंडीचं काम धरतात, तुमचं नाही. जुन्या निकालांपासून हे चालत आलंय. इलिनॉयने (शिकागोचं राज्य) तर याच भीतीवर उपाय म्हणून १९७९ पासून वेगळा कायदाच ठेवलाय, घरासमोरचा साइडवॉक साफ करणारा माणूस त्या कामातल्या साध्या चुकीसाठी जबाबदार नाही, मुद्दाम किंवा बेपर्वाईने केलं असेल तरच.

मग आपण अडकतो कधी?

जेव्हा धोका निसर्गाने नाही, आपण तयार केलेला असतो. सगळ्यात कॉमन म्हणजे छपराच्या पन्हळीचा पाइप. भिंतीवरून खाली येतो आणि त्याचं तोंड बरोबर चालायच्या वाटेकडे. दिवसा ३६-३८ डिग्री फॅरनहाइट असताना छपरावरचा बर्फ वितळून पाइपातून टपटप येतो, फरशीवर पसरतो आणि संध्याकाळी साडेपाचनंतर त्याची काच होते. यालाच इथे ब्लॅक आइस म्हणतात, खरं तर काळा वगैरे काही नसतो, पारदर्शक असतो म्हणून खालचं डांबर दिसतं. आपल्या कोकणातलं पावसाळ्यातलं शेवाळ निदान हिरवं तरी दिसतं, हे तेवढंही नाही. सम्प पंपचं, म्हणजे तळघरातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं, पाणी बाहेर सोडणं, ड्राइव्हवेवरचा (गाडी घरापर्यंत आणायच्या वाटेवरचा) ढीग लोटून साइडवॉकवर नेऊन टाकणं, हेही त्यातच आलं. अशा वेळी "बर्फ देवाने पाडला" म्हणून सुटका नाही, साइडवॉक सार्वजनिक असला तरी.

आणि स्वतःचा ड्राइव्हवे, पायऱ्या, पोर्च?

इथे वरचं सगळं विसरा. ती तुमची जागा. लोक साइडवॉकची चिंता करत बसतात आणि खरी भानगड पोर्चच्या तीन पायऱ्यांवर होते.

कायदा बघतो की आलेला माणूस कोण. कामासाठी आलेला, म्हणजे प्लंबर, पोस्टमन, डिलिव्हरीवाला, त्याच्यासाठी जागा वाजवी प्रमाणात सुरक्षित ठेवायची, धोका आहे का हे स्वतःहून बघायचं. आपला पाहुणा असेल तर तुम्हाला माहीत असलेला, त्याला सहज न दिसणारा धोका त्याला सांगायचा किंवा दूर करायचा. "माहीत असलेला" हे महत्त्वाचं. तुम्हालाच पत्ता नव्हता तर गोष्ट वेगळी, पण पन्हळीखाली दरवर्षी बर्फ होतो हे माहीत असून गप्प बसलात तर अवघड.

आता आमची गोष्ट. संक्रांतीचं हळदीकुंकू, शनिवार संध्याकाळ, पस्तीसेक बायका येणार. सकाळी नवऱ्याने ड्राइव्हवे चकाचक केला, बर्फ वितळायला मीठ टाकलं, मी वाणाच्या डब्या भरण्यात गुंग. गॅरेजच्या बाजूने पुढच्या दाराकडे जाणारी चार फुटी वाट, तिथे पन्हळीचा पाइप. तिथे पाणी गोठतं हे मला माहीत होतं, आदल्या आठवड्यात मीच घसरता घसरता वाचले होते. पण दुपारी बघितलं तर नुसतं ओलं दिसत होतं. बायका आल्या पाच ते आठ, अंधार, काठपदरी साड्या, पायात नाजूक चपला, कारण बूट साडीवर कसे दिसतील. पावणेसातला माझी एक मैत्रीण हातात तिळगुळाचा डबा घेऊन त्या वाटेवर गेली आणि डबा एकीकडे, ती एकीकडे. मनगट मोडलं. मीठ गॅरेजमध्ये होतं, सहा पावलांवर. बाकीच्या सगळ्यांना मी मग मागच्या दाराने आत घेतलं आणि दहा मिनिटांत त्या वाटेवर अर्धी पिशवी ओतली.

मैत्रीण कशाला केस करेल? आपल्यात असं करतात का?

तिने नाहीच केली, उलट तीच मला फोन करून "अगं वाईट वाटून घेऊ नकोस" म्हणत होती. पण चार महिन्यांनी तिच्या हेल्थ इन्शुरन्सचं पत्र तिला आलं की हा अपघात कुठे झाला, कोणाच्या जागेत, त्यांचा इन्शुरन्स कोणता. इथे उपचाराचा खर्च केलेली कंपनी खूपदा तो खर्च दुसऱ्या कोणाची चूक असेल तर त्याच्याकडून वसूल करायला बघते, त्याला सब्रोगेशन म्हणतात, आणि त्यात तुमच्या मैत्रीचा काही संबंध येत नाही. तिने पत्र बाजूला ठेवलं असतं तर कदाचित तिचेच क्लेम अडकले असते. म्हणून हा विषय "आपल्यातला" राहत नाही. मीच तिला म्हटलं, खरं ते लिही, माझा पॉलिसी नंबर दे. थोडे दिवस दोघींनाही अवघडल्यासारखं झालं, नाही असं नाही.

होमओनर्स इन्शुरन्स यात काय देतं?

पॉलिसीत दोन वेगळ्या ओळी असतात. एक, पर्सनल लायबिलिटी. ही साधारण १ लाख डॉलरपासून सुरू होते, खूप जण ३ लाख ठेवतात, आणि तुमच्यावर दावा झाला तर वकीलही कंपनीच देते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दुसरी, पाहुण्यांच्या औषधपाण्याची, मेडिकल पेमेंट्स. ही छोटी, १ हजार ते ५ हजार डॉलरच्या घरातली, पण हिची गंमत म्हणजे चूक कोणाची हे न बघता मिळते. आमच्या केसमध्ये मैत्रिणीचं डिडक्टिबल, म्हणजे तिच्या इन्शुरन्सआधी तिला स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, याच ओळीतून निघालं. ही रक्कम १ हजारावरून ५ हजारावर न्यायला वर्षाचे थोडेच डॉलर लागतात, मी लगेच नेली. घर, सेव्हिंग बऱ्यापैकी असेल तर १० लाख डॉलरची अम्ब्रेला पॉलिसी घ्या, ती घराच्या आणि गाडीच्या लायबिलिटीच्या वर बसते.

आईबाबा भारतातून आलेत, तेच पायरीवर पडले तर?

मेडिकल पेमेंट्सची ओळ पाहुण्यांसाठी असते, घरात राहणाऱ्यांसाठी नाही. सहा महिने राहायला आलेले सासूसासरे पाहुणे की घरातले, यावर कंपनी वाद घालू शकते. त्यांच्यासाठी खरा आधार व्हिजिटर इन्शुरन्सच, तो भारतातून निघायच्या आधीच घ्या, आणि हिवाळ्यात येत असतील तर विमानतळावरून घरी न नेता सरळ बुटांच्या दुकानात न्या. पुण्याच्या स्पोर्ट्स शूजचा सोल इथे साबणासारखा चालतो.

आम्ही टाउनहाउसमध्ये राहतो, बर्फ असोसिएशन (कॉलनीतल्या घरमालकांची सोसायटी) काढते. मग आम्ही सुटलो?

बऱ्यापैकी. तुमच्या कॉलनीतले रस्ते आणि साइडवॉक जर गावाचे नसून असोसिएशनच्या मालकीचे असतील तर ते खाजगी, आणि त्यांची जबाबदारी असोसिएशनवर. हे २०१५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने प्लेन्सबरोच्या एका कॉलनीच्या केसमध्ये ठरवलं, म्हणजे आपल्या मराठी वस्तीच्या अगदी मधोमध. पण एक मेख आहे. असोसिएशनच्या बायलॉजमध्ये, म्हणजे नियमावलीत, तसं कलम असेल तर खुद्द युनिटचा मालक साध्या निष्काळजीपणासाठी असोसिएशनवर दावा करू शकत नाही, तशी मुभा कायद्यानेच दिलीय. पाहुणा करू शकतो, तुम्ही नाही. बायलॉज कोणी वाचत नाही, मला माहितीये, पण हे एक पान शोधाच. आणि तुमच्या दाराच्या पायऱ्या कोणाच्या हेही त्याच कागदात असतं, खूप ठिकाणी रस्ता असोसिएशनचा आणि पायऱ्या तुमच्या.

घर भाड्याने दिलंय. तोच नियम?

नाही, आणि इथे आपले लोक जोरात आपटतात. नवीन मोठं घर घेतलं, जुनं भाड्याने दिलं, मनात मात्र ते अजून "आपलं घर". तुम्ही तिथे राहत नाही आणि भाडं घेता तर कोर्ट त्याला कमर्शियल धरू शकतं, मग सार्वजनिक साइडवॉकची जबाबदारीही आली. वरच्या मजल्यावर तुम्ही आणि खाली भाडेकरू असं असेल तर बघतात की मुख्य वापर राहण्यासाठी की कमाईसाठी, तुम्ही किती जागेत राहता, भाड्याच्या किती. लीजमध्ये बर्फ भाडेकरूने काढायचा असं लिहिलं तरी बाहेरच्या माणसासमोर तुमची जबाबदारी त्याने उडून जात नाही. शिवाय इन्शुरन्स कंपनीला घर भाड्याने दिल्याचं कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी हात वर करतील. लँडलॉर्डची वेगळी पॉलिसी लागते. आजच फोन करा, खरंच.

बर्फ पडतच असेल तर बाहेर जाऊन सारखं साफ करत बसायचं का?

गरज नाही. २०२१ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने कमर्शियल जागांबद्दल सांगितलं की वादळ चालू असताना बर्फ काढायची सक्ती नाही, ते थांबल्यावर वाजवी वेळात काढा. अपवाद दोन: तुम्ही स्वतः धोका वाढवला असेल, किंवा आधीच्या वादळाचा बर्फ तसाच पडून असेल. दुकानवाल्यांनाच एवढी सवलत म्हटल्यावर घरवाल्यांनी रात्री दोनला बाहेर पडायची गरज नाही. अर्थात डिलिव्हरी येणार हे माहीत असेल तर पायऱ्यांवर मूठभर मीठ टाकायला काय जातंय.

शेजारच्या मुलाला पैसे देऊन काढून घेतलं तर?

घ्या की. २०१५ च्या जानेवारीत बाउंड ब्रुकमध्ये दोन शाळकरी मुलं घरोघर जाऊन शोव्हलिंगचं विचारत होती, त्यांना पोलिसांनी परमिट नाही म्हणून थांबवलं, त्यावर एवढा गाजावाजा झाला की पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला, वादळाच्या अंदाजाच्या २४ तासांत असं विचारत फिरायला परमिट लागणार नाही. पण मुलगा काम करून गेला म्हणजे तुमची जबाबदारी गेली असं नाही, पायऱ्या तुमच्याच. नेहमीचा कॉन्ट्रॅक्टर लावत असाल तर त्याच्या लायबिलिटी इन्शुरन्सचं सर्टिफिकेट मागा. आमच्या आधीच्या कॉन्ट्रॅक्टरने मागितल्यावर फोन उचलणंच बंद केलं, त्यातच उत्तर मिळालं.

मीठ कुठलं, किती?

साधं रॉक सॉल्ट साधारण १५ डिग्री फॅरनहाइटपर्यंत काम करतं, त्याखाली नुसतं खड्यांसारखं पडून राहतं. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड, महाग आहे पण उणे २० फॅरनहाइटपर्यंत चालतं. काहीच चालत नसेल तर वाळू टाका, बर्फ वितळत नाही पण पाय धरतो. नवीन काँक्रीटवर रॉक सॉल्ट नको, वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. कुत्रा असेल तर पंजांना चालेल असं लिहिलेलं घ्या. आणि मीठ थर देऊन नाही, लाडवाच्या ताटावर खसखस भुरभुरवतो तसं टाकायचं. माझी अर्धी पिशवी ओतणं हा घाबरटपणा होता, वसंतात त्या कडेचं गवत सगळं जळून गेलं.

न्यू यॉर्क, बॉस्टन, शिकागो, टोरांटोला राहणाऱ्यांनी काय समजायचं?

एकाचं दुसऱ्याला लावू नका.

न्यू यॉर्क शहरात २००३ पासून साइडवॉकची जबाबदारी शेजारच्या मालकावर आहे, पण एक ते तीन कुटुंबांचं, मालक स्वतः राहतो असं आणि फक्त राहण्यासाठी वापरलेलं घर यातून वगळलंय. साफ करायची मुदत मात्र सगळ्यांना: दिवसा बर्फ थांबला तर चार तास, रात्री ९ नंतर थांबला तर सकाळी ११ पर्यंत.

बॉस्टनवाल्यांनी जास्त सावध राहा. मॅसॅच्युसेट्समध्ये शंभरहून जास्त वर्षं "नैसर्गिक बर्फ असेल तर मालक जबाबदार नाही" असा नियम होता, तो २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने काढून टाकला. आता तुमच्या जागेतला बर्फ नैसर्गिक का असेना, वाजवी काळजी घेतली का एवढंच बघतात.

शिकागोत सकाळी ७ ते संध्याकाळी ७ पडलेला बर्फ रात्री १० पर्यंत काढायचा, त्यानंतरचा दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत, वाट पाच फूट रुंद.

ऑन्टारिओत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, सार्वजनिक साइडवॉकवरच्या भरपाईची जबाबदारी सहसा पालिकेची, पण तुमच्या स्वतःच्या जागेत कोणी पडलं तर जानेवारी २०२१ पासून त्याने तुम्हाला ६० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची असते. पालिकेच्या साइडवॉकवर पडलात तर फक्त १० दिवस.

कोणी पडलंच तर त्या क्षणी काय करायचं?

आधी माणूस. उठवायची घाई नको, डोकं किंवा कंबर आपटली असेल तर ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन. मग जागेचे फोटो, मीठ टाकायच्या आधी, वेळ दिसेल असे. माझ्याकडे एकही नव्हता, मी आधी मीठ ओतलं. दारावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सेव्ह करा, ते थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं, आणि तुमच्या विरोधात जातंय वाटलं तरी पुसू नका, ते जास्त अंगाशी येतं. त्या दिवशीच इन्शुरन्सला कळवा. माणुसकीने विचारपूस करा, जेवण पोचवा, पण "सगळी माझीच चूक, सगळं बिल मी भरते" असं व्हॉट्सॲपवर लिहू नका. मी तीन मेसेज लिहिले होते तसे, एजंटने ऐकून कपाळाला हात लावला.

आणि मीच दुसऱ्याच्या दारात पडले तर?

न्यू जर्सीत दावा करायला दोन वर्षं. जागा सरकारी असेल, म्हणजे शाळा, लायब्ररी, गावाचं पार्किंग, तर ९० दिवसांत लेखी नोटीस, आणि ही तारीख चुकणाऱ्यांची दारं बहुतेकदा तिथेच बंद होतात. तुमची स्वतःची चूक किती हेही मोजतात, फोनमध्ये बघत चालला होतात, पायात चपला होत्या वगैरे. ती निम्म्यापेक्षा जास्त ठरली तर काहीच मिळत नाही, निम्मी किंवा कमी असेल तर तेवढी वजा करून मिळतं.

शेजारी त्याच्या स्नोब्लोअरने सगळा बर्फ आमच्या साइडवॉकवर उडवतो, त्यावर कोणी पडलं तर आमच्यावर येईल का?

तो ढीग नैसर्गिक नाही, त्याने केलेला आहे, त्यामुळे प्रश्न त्याला विचारला जाईल. पण पडलेल्या माणसाला ढीग कोणाचा हे माहीत नसतं, पहिलं पत्र ज्याच्या घरासमोर पडला त्यालाच येणार. एक फोटो काढून ठेवा, शेजाऱ्याशी नीट बोला, आणि नाही ऐकलं तर टाउनशिपला कळवा, खूप गावांत असं दुसऱ्याच्या वाटेवर किंवा रस्त्यावर बर्फ टाकायला दंड आहे. आमचा शेजारी तिळगुळाच्या दोन वड्यांवर ऐकला, पण त्याचं डोकं मुळात चांगलं आहे.